भलत्या दिवशीची हजेरी

“आज तुझा दिवस नाही, रघुपती,” वसुमती म्हणाली.

“ठाऊक आहे, अक्का,” म्हणत तो भिंतीलगतच्या बाकावर बसला आणि नेहमीसारखे दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

आता या माणसाला काय म्हणावं? वसुमतीला तंजावुरात प्रोबेशन ऑफिसर होऊन बरीच वर्षं झाली होती. तारीख चुकवणारे तिनं पोत्यानं पाहिले होते. पण तारीख चुकवून भलत्याच दिवशी आपण होऊन येणारा हा पहिलाच. देवळाच्या गर्दीत एका बाईच्या गळ्यातली साखळी काढताना सापडला होता. पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टानं तुरुंगाऐवजी वर्षभर देखरेखीवर सोडला. नव्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांचे गट पाडलेले होते. दारूवाल्यांचा वेगळा, तापट डोक्याच्यांचा वेगळा, आणि ज्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची त्यांचा लाल. रघुपतीला घर होतं, आई होती, मामाच्या कॉफीच्या दुकानात काम होतं, बाटलीला तो शिवत नव्हता. म्हणजे धोका कमी. त्याला हिरवा गट मिळाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी यायचं, सही करायची आणि जायचं. याहून सोपं काय असणार?

तर हा पठ्ठ्या सोमवारी येईचना. सलग तीन महिने दांडी. आणि मध्येच कधी मंगळवारी, कधी बुधवारी, ऊन कललं की दारात हजर. यायचा, बसायचा, दिवे लागले की उठून जायचा. एकदा तर रविवारी आला. ऑफिसला कुलूप होतं. वॉचमन सांगत होता, बंद दाराच्या पायरीवरच बसून राहिला म्हणून.

“पंख्याखाली गार बसायला येतो, मॅडम,” असं कारकून श्रीकरचं मत होतं. वसुमतीला ते पटत नव्हतं. पंखा काय, मामाच्या दुकानातही असेल. तिनं रघुपतीला दोनदा विचारून पाहिलं. “बसायला येतो,” एवढंच तो सांगायचा. तिला रात्री जेवताना देखील हे कोडं आठवायचं. पण कोर्टाला कोडी चालत नाहीत. तीन दांड्या झाल्या की कळवायचं, असा नियम होता. रिपोर्ट टेबलावर तयार होता. तिची सही झाली की रघुपतीची सूट रद्द होणार होती आणि तो आत जाणार होता. श्रीकर रिपोर्ट न्यायला दाराशी थांबला होता.

“सोमवारी का येत नाहीस, ते आज तरी सांग. नाहीतर मला सही करावी लागेल.”

“मामा सुट्टी देत नाही, अक्का. महिन्यातून दोन संध्याकाळी सोडतो, तेही शिव्या घालत.”

“मग त्यातल्या एका संध्याकाळीऐवजी सोमवारची सकाळ मागून घे.”

“ते नाही जमत.”

वसुमतीचं डोकं फिरलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच असेल तर कोण काय करणार? तिनं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

“आज प्रदोष आहे. मी देवळात निघाले. न्यायला ये गं, नंदीचा अभिषेक झाला की एक रिक्षा मिळत नाही. मागल्या गुरुवारच्या प्रदोषाला विसरलीस तशी विसरू नकोस. आणि साखळी घरीच काढून ठेवली आहे, उगाच ओरडू नकोस.”

मागल्या पंधरवड्यातल्या गुरुवारी रघुपती याच बाकावर बसला होता.

“आई, त्याच्या आधीचा प्रदोष कधी होता?”

“बुधवारी. का गं?”

वसुमतीनं फोन ठेवला. दर पंधरा दिवसांनी त्रयोदशीला प्रदोष येतो, आणि त्या संध्याकाळी मोठ्या देवळात नंदीभोवती मुंगीला शिरायला वाव नसतो. हे तिला काही नवीन नव्हतं. लहानपणी आईचा पदर धरून ती त्याच गर्दीत उभी राहिलेली होती.

“रघुपती, ती साखळी तू प्रदोषालाच काढलीस ना?”

“हो.”

“म्हणजे आज तिथं कुणाचं काही गेलं तर तुझ्यावर आळ नको, म्हणून इथं येऊन बसतोस?”

तो जरासा हसला. “आळ कुणी घेतला तर घेऊ दे. मामाचं दुकान देवळाच्या दारातच आहे. सगळी गर्दी आमच्या समोरून आत जाते.” त्यानं मांडीखालचे हात आणखी दाबले. “सगळे नंदीकडे बघत असतात, अक्का. मी गळ्यांकडे बघतो.”

श्रीकर दारातच चुळबुळला. गट पाडताना याला किती प्रश्न विचारले होते त्यांनी. शाळा किती, मित्र कोण, दारू पितोस का, घरी भांडण होतं का. हात कधी वळवळतात, हे कुणी विचारलंच नव्हतं. वसुमतीला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. तिनं टोपण पेनाला लावलं आणि श्रीकरला घरी जायला सांगितलं.

“पुढचा प्रदोष कधी?”

“शनिवारी. शनिप्रदोष आहे, म्हणजे दुप्पट गर्दी.”

“शनिवारी ऑफिस बंद असतं.”

“असू दे. पायरी आहे.”

वसुमतीनं पुन्हा फोन उचलला.

“आई, आज येते मी न्यायला. पण पुढच्या प्रदोषाला तुझी तू ये. शनिवारी मला ऑफिस आहे.”