शुक्रवारची मंडळी

चर्चच्या पंचाने, काळूरामने, बोट ठेवून बायबलातली ओळ वाचली, शास्त्र मिटलं आणि तो म्हणाला, "लिवलंय ते लिवलंय. काळ्या दगडावरची रेघ हाय ही. प्रितमचं नाव मंडळीतून काढायचं. कुनाकुनाचा हात वर?"

बायकांत बसलेल्या राहीबाईने मान वर केली. प्रितम तिचा एकुलता एक मुलगा. दापोड्याच्या गोडाउनात कामाला, आणि तिथेच भाविकबरोबर खोली घेऊन राहायचा. मित्र म्हणून नव्हे, जोडीदार म्हणून. हे त्याने स्वतःच येऊन सांगितलं होतं, कारण खोटं बोलू नये हे त्याला याच मंडळीने शिकवलं होतं. आज त्याला बोलावलंसुद्धा नव्हतं.

"परवा दिल्लीच्या कोर्टानं तर गुन्हा न्हाय म्हनून सांगितलं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"कोर्टाचं कोर्टात. हितं शास्त्र चालतं," काळूराम म्हणाला.

हात वर जाऊ लागले. ज्या बायकांची बाळंतपणं राहीबाईने काढली होती, त्यांचेही. ती उठली. इतक्या वर्षांत सभेत तिने तोंड उघडलं नव्हतं, पण आज मूग गिळून बसायची तिची तयारी नव्हती.

"पास्टर, आज वार कोनता?"

पाळक जीवन गोंधळला. "शुक्रवार."

"आन प्रभूचा वार कोनता?"

जीवनने काळूरामकडे पाहिलं. भिवंडीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असतात. रविवारी उपासनेला यायचं तर खाडा पडतो, मजुरी बुडते. म्हणून ही मंडळी शुक्रवारी भरायची, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

"रविवार," जीवन शेवटी म्हणाला. "पण ती गोष्ट वेगळी. गरिबाच्या पोटावर पाय द्यायला देवानं वार नाही ठरवला. अर्थ लावावा लागतो, राहीबाई. आणि तो आम्ही उगाच नाही लावला. पाचही पंच तीन दिवस उपाशी राहिलो, गुडघे टेकले, रडलो, तेव्हा ठरवलं."

"ठावं हाय. मीच पानी देत होते तुमाला."

तिने पदर खोचला, पुढे आली आणि काळूरामच्या हातातलं शास्त्र घेऊन जीवनसमोर उघडून ठेवलं.

"वारासाठी तीन दिवस उपाशी बसलात, पास्टर. माझ्या पोरासाठी सगळे जेवून आलात."