छत्री लंडनची, मिठी अमेरिकेची

मधुसूदन साहेबांनी चहाची बशी छत्रीसारखी डोक्यावर धरली, आणि कॅन्टीनमधली चाळीस माणसं चहा प्यायची थांबली.

"हां, तर हे लंडनचं. दोघे भाऊ, छत्र्या दुरुस्तीचं दुकान. धाकटा दर आठवड्याला रुसतो, बॅग भरतो, 'चाललो मी' म्हणतो. थोरला मान वर करत नाही. एवढंच म्हणतो..." साहेबांनी तोंड इतकं मख्ख केलं की पुढचा बाक आधीच फसकन हसला. "'बाहेर पाऊस आहे. छत्री घेऊन जा.' धाकटा छत्री घेतो, दारात उघडायला जातो, तर उघडतच नाही! मग काय, बॅग खाली ठेवतो, पक्कड घेतो आणि दुरुस्त करत बसतो. थोरला गुपचूप त्याच्यापुढे चहा सरकवतो. संपलं."

टूलरूमचे हे साहेब कंपनीच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने इंग्लंडात आणि तीन महिने अमेरिकेत राहून नुकतेच परतले होते. मशिनींचं काय शिकून आले ते देव जाणे, पण तिथल्या टी.व्ही.वरच्या विनोदी मालिका त्यांनी पार तोंडपाठ करून आणल्या होत्या. अडीचच्या चहाला हल्ली कोणी उशीर करत नसे.

"आता हीच मालिका अमेरिकेनं उचलली. छत्र्यांच्या जागी मोटारींचं गॅरेज." साहेबांनी बशी ठेवली आणि दोन्ही हात आडवे पसरले. "धाकट्यानं बॅग उचलली की थोरला दारात आडवा! 'तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तुझ्यापायी लग्न लांबवलं, जा, जाऊनच दाखव!' आरडाओरडा, पान्यांची फेकाफेक, आणि शेवटी गळ्यात पडून, 'नको रे जाऊ, तुझ्याशिवाय मला करमत नाही!'"

साहेब खरोखरच कॅन्टीनच्या खांबाच्या गळ्यात पडले. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

मागच्या बाकावर भीमराजला हसता हसता ठसका लागला. काय माणूस आहे राव! एका तोंडातून दोन देश काढतो. मग हसू ओसरलं. त्याचा धाकटा भाऊ धम्मपाल आजच नाशिकला चालला होता, दुसऱ्या कंपनीत, कायमचा. न विचारता अर्ज केला म्हणून भीमराज तडकून बोलून गेला होता, "जा, खुशाल जा. तुला अडवलंय कुणी?" त्याला आठ दिवस झाले. एका खोलीत राहून दोघांत शब्द नव्हता.

"पण साहेब, भारी कोणतं?" कोणीतरी विचारलं.

"दोन्ही! इंग्रज एका छत्रीत जे करतो ना, त्याला तोड नाही. मला वाटलं, अमेरिकन ह्याची माती करणार. पण छे! त्यांनी पोटातलं सगळं ओठावर आणलं आणि तरी हसवलं. तेही सोपं नाही बरं का."

चहा ओतणाऱ्या सोजरबाई किटली घेऊन भीमराजपाशी थांबल्या. "येक बोलतो, येक बोलत न्हाई. पर दुखनं दोगांचं येकच हाय की," त्या म्हणाल्या, आणि त्याला न विचारताच त्याचा कप पुन्हा भरून गेल्या.

साडेतीनला भोंगा झाला. दोघा भावांत सायकल एकच होती. सकाळी भीमराज तिच्यावर कामाला यायचा आणि चालत घरी जायचा. दुसऱ्या शिफ्टचा धम्मपाल चालत यायचा आणि सायकलवर परतायचा. किल्ली गेटवर हातोहात दिली जायची. हे आठ दिवस मात्र ती वॉचमनकडे ठेवली जात होती.

आज धम्मपाल हिशेबाचे कागद न्यायला आला होता. हातात पत्र्याची पेटी. भीमराज गेटपाशी, सायकलीजवळ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. हात पसरावेत असं फार वाटलं, पण ते जागचे हलेनात. तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर आलं.

"सायकलचं कुलूप अडकलंय. बघ जरा."

धम्मपालनं पेटी खाली ठेवली. दादानं पुढं केलेली किल्ली घातली, फिरवली. कुलूप खटकन उघडलं.

"दादा, हे तर नीट हाय."

"असंल. माझ्या हातानं उघडत न्हाई." भीमराजचे कान लाल झाले होते. "बस मागं. नाशिक फाट्यापर्यंत सोडतो."

मागं धाकटा, त्याच्या मांडीवर पेटी. हमरस्त्यावर शिफ्ट सुटलेल्यांच्या सायकलीच सायकली होत्या. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, हे एक बरं होतं.

"मी रागानं बोललो," भीमराज समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला. "नोकरी चांगली हाय, तू जा. पर तुझ्याबिगर मला करमायचं न्हाई रे. घास उतरायचा न्हाई."

एक ट्रक गेला, दुसरा गेला. भीमराजला वाटलं, झालं, उशीरच केला आपण.

मग पाठीला कपाळ टेकल्याचं जाणवलं.

"ऐकलं मी, दादा," धम्मपाल म्हणाला. "परत एकदा म्हण."

भीमराजनं पायडल मारता मारता परत म्हटलं. या खेपेला इतक्या मोठ्यानं, की पुढच्या साऱ्या सायकली मागं वळून बघायला लागल्या.