शोकाकुल

फ्लेक्स उतरवणारी गाडी वळणावर येऊन थांबली, तेव्हा दीपमाला तिथं सकाळपासून उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्लाउज शिवायची कात्री. गाडीवाल्यांनी नाही म्हटलं तर दोऱ्या आपणच तोडायच्या, असं ठरवूनच ती घरून निघाली होती.

गाडीत वाढदिवस, निवडी, स्वागतं असा सगळा ढीग पडला होता. या शहरात फ्लेक्सचा वाद जुना. पेपरात छापून येतं, कोर्ट कान उपटतं, चार दिवस गाडी फिरते आणि मग येरे माझ्या मागल्या. आजचा दिवस त्या चारातला होता, एवढंच तिचं नशीब.

गाडीवरचा पुंजाराम विळा घेऊन खाली उतरला. बांबूच्या चौकटीची पहिली दोरी त्यानं हातात धरली, फ्लेक्सकडं बघितलं आणि विळा काखेत मारून हात जोडले.

"ताई, मयताचं लेकरू हाय. याला नाय हात लावत आमी."

"माझंच लेकरू हाय," दीपमाला म्हणाली. "मी सांगते, काढा."

फ्लेक्सवर सायली हसत होती. मामाच्या लग्नातला फोटो, कुणीतरी मोबाइलवरून उचललेला. वर कोपऱ्यात वॉर्डाचे पुढारी इंद्रजीतभाऊ हात जोडून उभे आणि खाली 'शोकाकुल' म्हणून पोरांच्या तोंडांची रांग. महिन्यापूर्वी याच चौकटीवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्याच्या आडून सायलीची स्कूटी वळली आणि छावणीकडून येणाऱ्या बसखाली गेली. पोरगी दिसलीच नाही हो, असं ड्रायव्हर पोलिसांना सांगत राहिला. भाऊंचा वाढदिवस त्याच दिवशी गुपचूप उतरला आणि तेराव्याच्या आत तिथं श्रद्धांजली चढली. बांबू तेच होते, दोऱ्या तेवढ्या नव्या.

एवढ्यात एक रिक्षा वळली आणि समोरून आलेल्या टेम्पोला चाटता चाटता कचकन थांबली.

"अरे, कुछ दिखताच नै यां से!" रिक्षावाला ओरडला. मग त्याची नजर फोटोवर गेली, तसा आवाज खाली आला. "माफ करना, बहन," म्हणून तो निघून गेला.

जो तो फोटोला हात जोडत होता. फोटोच्या पलीकडं बघायची गरज कुणालाच वाटत नव्हती.

दीपमालाचे सासरे तात्यासाहेब प्रणयच्या मोटरसायकलवरून येऊन उतरले. प्रणय भाऊंचा कार्यकर्ता. शोकाकुलांच्या रांगेत त्याचं तोंड पहिलं होतं. तात्यासाहेब गावाकडून, पाचोडहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी या वळणावर आणत आणि मग घरी नेत.

"काय चालवलंस गं? आपल्या सात पिढ्यांत कुणाचा एवढा फोटू लागला व्हता का? भाऊंनी पोरीचा मान केला, अन् तू उतरवाया निघालीस?"

"मामंजी, ह्याच्या आड अजून एखांदी पोर जाईल."

"काकू, भाऊ स्वतः रडले ओ," प्रणय म्हणाला. "फोटोसुद्धा त्यांनीच पसंत केला."

"वाढदिवसाचा बी त्यांनीच केला आसंल ना?"

प्रणय मोबाइल काढून बाजूला गेला.

दीपमालानं कात्री काढून दोरीला लावली. पुंजाराम पुढं झाला.

"ऐका, ताई. दोऱ्या तुटल्या की हा बी ह्याच ढिगावर जाणार. वर आमी बसतो. पाय पडतेत."

ती ढिगाकडं बघत राहिली. वरच कुणाचा तरी वाढदिवस उताणा पडला होता, त्याच्या गालावर चपलेचा ठसा. तिनं कात्री दोरीवरून काढली.

"मग आधी तिला काढून घेते. बाकीचं तुमी उतरवा."

"अगं, लेकीच्या तोंडाला कात्री लावतीस?" तात्यासाहेबांनी मान फिरवली.

"तोंडाला नाय लावत."

शिलाईला सोडतात तशी दोन बोटं जागा सोडून ती कापत गेली. कपाळावरची बट तुटू दिली नाही, गजऱ्याला वळसा घातला. चेहरा सुटून हातात आला. घडी केली तर नाकावरून मोडेल म्हणून तिनं त्याची गुंडाळी केली, छातीशी धरली आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"उतरवा आता," डोळे पुसत ती म्हणाली.

प्रणयनं परत येऊन फोन पुंजारामच्या कानाला लावला. पुंजाराम नुसता "व्हय साहेब, व्हय साहेब" करत राहिला. मग त्यानं विळा गाडीत टाकून दिला.

"मयताच्या फ्लेक्सला हात लावू नका म्हणतेत आमचे साहेब."

"मयताचं काय राहिलं त्यात?"

पुंजारामनं फ्लेक्सकडं बघितलं. वर भाऊ, खाली शोकाकुलांची रांग आणि मधोमध परातीएवढं भोक. तो गाडीत चढला, ढिगावर बसला आणि गाडी निघून गेली.

"आजोबा, टेन्शन नका घेऊ," तात्यासाहेबांना मागं बसवत प्रणय म्हणाला. "संध्याकाळपर्यंत नवा छापून आणतो."

दीपमाला गुंडाळी कवटाळून तिथंच उभी राहिली. कॉलेज सुटलं होतं. स्कूटीवरची एक पोरगी वळणाशी आली, हळू झाली आणि मान तिरपी करून तिनं त्या भोकातून पलीकडं बघितलं.

बस येत होती. पोरगी थांबली.