शिमोनाचा मान

"तिप्पण्णा, तुमचं वय किती?" फादरांनी चर्चच्या फाटकातच विचारलं.

"पंच्याहत्तर," तिप्पण्णा म्हणाला आणि हातातल्या मेणबत्तीकडे बघू लागला. गेल्याच जूनमध्ये सुनेनं त्याच्या ऐंशीचा केक कापला होता. अर्ध्या गल्लीनं तो खाल्ला होता.

"आणि धोंडीराम, तुम्ही? तुम्ही दोघं एकाच वर्गात होता ना?"

"व्हय, पण त्यो नापास होत होत माज्या वर्गात आला की, फादर. मी लई ल्हान."

माणसं हसली. फादर या पॅरिशमध्ये, म्हणजे इथल्या चर्चच्या मंडळीत, नवीन होते. त्यांना काही उमगेना.

फेब्रुवारीची दोन तारीख होती, मेणबत्त्यांचा सण. नाताळापासून चाळिसावा दिवस. या दिवशी बाळ येशूला मंदिरात नेलं, तेव्हा म्हाताऱ्या शिमोनानं त्याला हातांवर घेतलं आणि म्हणाला, देवा, आता तुझ्या दासाला शांतीनं जाऊ दे. म्हणून सोलापूरच्या या पॅरिशमध्ये एक रीत पडली होती. सगळ्यांत वयस्कर माणसानं सगळ्यांत लहान बाळ आईच्या हातून घ्यायचं आणि मिरवणुकीच्या पुढं वेदीपर्यंत न्यायचं. मागून पेटत्या मेणबत्त्या घेऊन बाकीचे. याला शिमोनाचा मान म्हणत.

पूर्वी या मानावरून भांडणं होत. पण मागचे तिघं मानकरी वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. नव्वदीच्या आसपासची माणसं वर्षभरात जाणं यात नवल काहीच नव्हतं. पण लागोपाठ तिघं म्हटल्यावर एवढा विचार कोण करतो? 'मला जाऊ दे' ही प्रार्थना देव फारच मनावर घेतो, असं म्हाताऱ्यांमध्ये न बोलता ठरून गेलं. यंदा पॅरिशमधले सगळे वृद्ध एकदम तरुण झाले होते.

यंदाच्या सगळ्यांत लहान बाळाची आई करुणा दुपट्यात गुंडाळलेली लेक छातीशी धरून फाटकात उभी होती. तिनं हळूच विचारलं, "माज्या लेकरात काय खोट हाय का, फादर?"

तिप्पण्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय उचलेना. नुकतंच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जग पुन्हा लख्ख दिसायला लागलं होतं. इतक्यात त्याला जायचं नव्हतं.

"आना हिकडं. मी घेते."

तिप्पण्णानं दचकून मागं पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून त्याची बहीण महानंदा पुढं येत होती. त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी.

"मला ब्याऐंशी सरली," तिनं फादरांना सांगितलं.

"पण तुम्ही तर तिप्पण्णांना अण्णा म्हणता."

"सगळीच म्हणत्यात. मी बी म्हणते."

धोंडीरामला खरं ठाऊक होतं. घोळक्यातल्या म्हाताऱ्या बजाबाईला तर महानंदाच्या जन्माचं साल पाठ होतं. पण वय चोरलेल्यांनी दुसऱ्याचं वय काढायचं कुठल्या तोंडानं? सगळे आपापली मेणबत्ती वाऱ्यापासून जपू लागले.

तिप्पण्णानं तिचा दंड धरला. "नंदे, गप. मी सांगतो खरं काय ते."

"सांग बघू!" ती अशी काही गुरकावली की त्याचं तोंड मिटलं.

करुणानं बाळ तिच्या हातांवर दिलं. गाणं सुरू झालं, मिरवणूक हलली. नव्या डोळ्यांना महानंदाची पाठ स्वच्छ दिसत होती. ताठ. बोटांवर मेण ओघळत होतं, तिप्पण्णाला ते कळतही नव्हतं. ही आपल्या वाटचं मरण उचलून चालली आहे, एवढंच त्याला कळत होतं.

वेदीपाशी फादरांनी बाळ घ्यायला हात पुढं केले. महानंदानं दिलं नाही.

"द्या, आजी."

"देते की. कुटं पळून चाललंय का त्ये?"

चर्चभर हसू पसरलं. तिप्पण्णा मात्र हसला नाही. महानंदाला मूल झालं नव्हतं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आणि मग त्याच्या घरात तीन बाळंतपणं झाली. पाणी तिनं तापवलं, लंगोट तिनं धुतले, बाळंतिणीला शेपूची भाजी तिनं शिजवून घातली. बाळ मात्र कुणी तिच्या हाती दिलं नाही. तसं कुणी बोलूनही दाखवलं नाही. ती आली की बाळाला नेमकी झोप लागलेली असायची. तिप्पण्णाला ते दिसत होतं. तोही बोलला नव्हता. आणि त्याच घरातल्या भित्र्या म्हाताऱ्यासाठी ती आज जिवावर उदार झाली होती.

मिस्साची उपासना संपल्यावर त्यानं तिला अंगणात गाठलं. ती भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही तळहात नाकाशी धरून बाळाच्या तेलाचा वास घेत होती.

"नंदे," तो म्हणाला, "माज्यापायी एवडं केलंस."

"तुज्यापायी?" तिनं हात खाली घेतले आणि खुदकन हसली. "अण्णा, पुडच्या वर्षी बी तू आसंच वय चोरायचं, काय?"