मेंढ्या असलेले चौकोन

मेंढ्यांच्या विम्याचा अर्ज भरायची आज शेवटची तारीख, नवरा मेंढरं घेऊन भोंगवलीकडे आणि मांडीवर दोन वर्षांची शिवानी. ‘तुम्ही यंत्र नसाल तर मेंढ्या असलेले चौकोन निवडा,’ म्हणत संगणक पुढे जाऊच देईना. ब्राउझर बदलला. दुसऱ्यात अक्षरं मुंगीएवढी, तिसरा सारखा ‘मलाच मुख्य ब्राउझर करा’ म्हणून मागे लागलेला, आणि मेंढ्या तिन्हीकडे चुकलेल्याच.

शेवटी सासूबाईंना बोलावलं. चष्मा लावून त्या म्हणाल्या, “ह्यो बोकड. हे आपल्या काळूवानी कुत्रं. मेंढरं दोनच हायती, ही आन् ही.”

संगणक म्हणाला, चूक.

“चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. आन् ह्यो डबा मला शिकवतोय व्हय?”

तेवढ्यात शिवानीने बोकड, कुत्रं, चार पायांच्या सगळ्यांवर बोट ठेवलं. “मेंदी, मेंदी.” मी कंटाळून तसंच क्लिक करत गेले.

हिरवी खूण आली. अर्ज उघडला.

‘एकूण मेंढ्या’ या रकान्यात मी वीस लिहायला लागले, तसा सासूबाईंनी माझा हात धरला.



“एकवीस लिही. काळूला धरून.”