बिनसाखरेचं विष

तिने पुडीतलं अर्धं विष निळ्या कपात टाकलं, चमच्याने ढवळलं आणि कप नवऱ्यापुढे सरकवला. विष म्हणजे मैदाच होता, पण दुपारच्या प्रयोगाला आलेल्या दीडशे माणसांनी श्वास रोखून धरला होता. नवऱ्याचं लक्ष ठरल्याप्रमाणे वर्तमानपत्रात होतं.

नवरा नाटकातला होता, तसाच खराही होता. फरक इतकाच, की नाटकात ती दोघं एकमेकांशी बोलत होती. घरी आठ दिवस अबोला होता. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावरही तो कपाटामागे दडवून खायचा. तिने मुद्देमालासकट पकडलं, तेव्हा म्हणाला, "तू बायको आहेस की जेलर?" ती म्हणाली, "मर तिकडे. आता एका शब्दाने विचारणार नाही." आणि ती शब्दाला जागली. तेव्हापासून दिग्दर्शक बिचारा तालमी कमी घेत होता आणि निरोप जास्त पोचवत होता. आज प्रयोग संपला की ती बहिणीकडे राहायला जाणार होती. मेकअपच्या खोलीत तिची बॅग भरून तयार होती. त्या बॅगेशेजारीच बसून त्याने तोंड रंगवलं, पण बॅग कुठे चाललीय हे काही विचारलं नाही.

प्रयोगातला चहा मात्र खरा असे. वाफ दिसलीच पाहिजे, हा दिग्दर्शकाचा हट्ट. एरवी चहा तीच करायची. त्याचा निळा कप बिनसाखरेचा, तिचा पांढरा दोन चमचे साखरेचा. अबोला सुरू झाल्यानंतरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून आज ते काम रंगभूषाकाराच्या गळ्यात पडलं होतं.

तिने पांढऱ्या कपातला एक घोट घेतला. फिक्क. साखरेचा कणही नाही. म्हणजे दोन्ही चमचे निळ्यात गेले होते.

समोर त्याने निळा कप उचलला होता. तो एका दमात संपवून बशीत उपडा घालायचा होता. कपांची अदलाबदल करावी, तर विष तिच्या पोटात जाणार, आणि पुढचे दोन्ही अंक तिच्यावर उभे होते. कप त्याच्या ओठांशी पोचला.

"थांब," ती म्हणाली. "त्यात साखर आहे."

मग शेवटच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू रांगा ओलांडत पुढे आलं. विंगेत दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला.

तो मात्र गडबडला नाही. वीस वर्षं रंगमंचावर काढली होती. त्याने कप खाली ठेवला.

"मग मी काय पिऊ?"

तिने पदराआडून पुडी काढली. ही पुडी त्याने शेवटपर्यंत बघायचीच नव्हती. उरलेलं विष तिने त्याच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या कपात टाकलं, नीट ढवळलं आणि कप त्याच्या हातात दिला.

"हा घे. बिनसाखरेचा आहे." मग जरा घुटमळून म्हणाली, "उष्टा आहे. चालेल?"

त्याने पुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चालेल," तो म्हणाला आणि कप रिकामा करून बशीत उपडा घातला.

मरताना त्याला अर्धं पान शिव्याशाप होते. ते त्याने सगळे गाळले. तिचा हात धरून सोफ्यावर आडवा झाला आणि मेला. मेल्यावरही हात सोडला नाही, त्यामुळे तिला तिथेच बसून राहावं लागलं.

दार ढकलून इन्स्पेक्टर आत आला. प्रेताकडे रोखून बघत त्याने आपलं ठरलेलं वाक्य फेकलं, "शेजारी म्हणतात, तुम्हा दोघांत बोलणंसुद्धा बंद होतं."

प्रेक्षक असे काही हसले, की त्याने मिशी जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं. प्रेताचं पोट हलू लागलं. तिने मोकळ्या हाताने त्याच्यावर शाल ओढली.

"छे हो," ती म्हणाली. "आमचा संसार सुखाचा होता."

हे वाक्य कपटी हसून म्हणायचं होतं. तालमीत तिला ते रोज झकास जमायचं. आज काही केल्या जमेना.