कोनाड्यातलं ताट

"यांचं ताट वेगळं ठेवा," दवाखान्यात डॉक्टरीणबाई दुर्गावहिनीला म्हणाल्या, आणि प्रेमलाल ताडकन उठला.

"मंग मी नाई जात नागपूरले."

मानेतली गाठ परत आली होती. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. मागच्या साली नागपूरच्या केमोनं ती विरघळली तेव्हा घरात साखर वाटली होती. एचआयव्हीच्या गोळ्या तर त्याच्या आधीपासूनच चालू होत्या. आता पुन्हा केमो, पहिल्यापेक्षा कडक. गुण येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. पण किती वेळा तेच ते? माणूस थकतो हो.

त्यात पुन्हा ताट! एचआयव्ही निघाला त्या दिवशीच दुर्गावहिनीनं त्याचं ताट ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं. भात वरूनच टाकायची. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यानं तेव्हापासून ओलांडला नव्हता. सोबत जेवल्यानं हा आजार लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी वहिनीला किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो, तुमच्यापासून कोणाला धोका नाही," डॉक्टरीणबाई आज त्याला समजावत होत्या. "या औषधानं अंगातली ताकद पार जाते. दुसऱ्याचा साधा खोकलाही तुम्हाला झेपणार नाही."

"वेगळं ते वेगळंच, बाई. मराचंच हाय तं चार माणसांत बसून मरीन."

भिंतीला टेकलेल्या वहिनीनं तोंड उघडलं. "म्हंजे आमच्यापासून त्यायले धोका?"

"हो."

दोघांनी गावाकडे, किरनापूरला जाणारी बस धरली. प्रेमलाल खिडकीला डोकं टेकून पडून राहिला. त्याचं ठरलं होतं, नागपूरला जायचं नाही.

घरी आल्यावर वहिनीनं चुलीवर पाणी ठेवलं. कोनाड्यातलं ताट उकळत्या पाण्यानं धुऊन काढलं. मग आतली ताटं आणून ओसरीवर मांडली. नवऱ्याचं, पोरांचं, स्वतःचं. प्रेमलालची जागासुद्धा त्यात गेली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता मले आंगनात बसवता का, वहिनी?"

"आंगनात काहून?" त्याचं ताट घेऊन ती उंबरठ्याच्या आत उभी होती. "वेगळं ठेवा म्हनली ना डॉक्टरीण? या, चुलीपाशी बसा, भाऊजी. नागपूरहून आल्यावर बी असंच. आता भाईर आमी."